व्याकरणाचं उत्तर कानावर सोडू नका

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर बी. कॉम. सध्या जालन्यात एका पतसंस्थेत नोकरी करते. एमबीएसाठी राज्याची सीईटी आणि एनमॅट अशा दोन्ही परीक्षा द्यायच्या आहेत. हातात १२ आठवडे आहेत, रोजचा दीड तास मिळतो. गणित आणि तर्क जमतं, उतारेही समजतात. पण सरावात व्याकरणाच्या १५ प्रश्नांपैकी जेमतेम ५ बरोबर येतात. व्याकरणाचं जाड पुस्तक तीनदा सुरू केलं आणि तिन्ही वेळा काळांपाशी अडकले. मैत्रिणीने जीमॅटचं (परदेशी एमबीएसाठीही चालणारी प्रवेश परीक्षा) 'सेंटेन्स करेक्शन'चं, म्हणजे वाक्यातली चूक दुरुस्त करण्याच्या प्रश्नांचं, जुनं पुस्तक दिलंय, ते डोक्यावरून जातं. मी वाक्य मनात वाचते आणि कानाला जे बरं लागेल ते उत्तर देते. इंग्रजी माध्यमातल्या मुलांसारखा कान आता या वयात कसा तयार करू?

उत्तर : तसा कान १२ आठवड्यांत तयार होत नाही आणि या परीक्षांसाठी तो लागतही नाही. तुमचा कान मराठीत पक्का घडलेला आहे आणि इंग्रजी वाक्य बरं-वाईट ठरवताना तो मराठीचाच न्याय लावतो. तुमच्या बहुतेक चुका तिथून येत असणार. यात एक मोठी सोय आहे. मराठी माणसाच्या इंग्रजीतल्या चुका ठरावीक असतात, त्यामुळे त्या आधीच ओळखता येतात. अख्खं व्याकरण पहिल्या पानापासून वाचण्यापेक्षा ज्या जागी मराठी आणि इंग्रजीच्या वाटा फुटतात, तेवढ्याच जागा पक्क्या करा.

आधी परीक्षांचं पाहू, कारण कुठे किती मेहनत घालायची ते त्यावर ठरतं. सीईटीच्या आजवरच्या नमुन्यात १५० मिनिटांत २०० प्रश्न येतात, त्यांतले ५० इंग्रजी भाषेचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. एनमॅटमध्ये भाषेच्या भागाला ३६ प्रश्न आणि फक्त २८ मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला सुमारे ४७ सेकंद. तिथेही गुण कापत नाहीत, पण प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही. उताऱ्यांना जास्त वेळ लागतोच, त्यामुळे व्याकरणाचा प्रश्न ३० सेकंदांत संपायला हवा. पुढे कॅटचा (आयआयएमच्या प्रवेश परीक्षेचा) विचार केलात तर तिथे चूक शोधण्याचे सरळ प्रश्न नसतात, उतारे आणि परिच्छेदांवर भर असतो. स्नॅपमध्ये (सिम्बायोसिसची प्रवेश परीक्षा) इंग्रजीचे १५ प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. नमुना बदलू शकतो, म्हणून त्या-त्या वर्षाची माहितीपुस्तिका हातात आल्यावर हे आकडे एकदा ताडून पाहा.

मैत्रिणीने दिलेल्या पुस्तकाबद्दल. जीमॅटची नवी आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये आली आणि जुनी ३१ जानेवारी २०२४ ला बंद झाली. नव्या परीक्षेत 'सेंटेन्स करेक्शन' हा प्रकारच नाही. म्हणजे ते पुस्तक आता जीमॅटलाही तसंच्या तसं चालत नाही. तरी फेकू नका. त्यातली समांतर रचना, तुलना आणि विशेषण-वाक्यांशांची जागा ही तीन प्रकरणं उत्तम उपयोगी पडतील. बाकीची बाजूला ठेवा. आर्टिकल ('अ', 'ॲन', 'द') आणि प्रिपोझिशन ('इन', 'ऑन', 'टू' यांसारखे शब्द) यांवर त्या परीक्षेचा भर नव्हता, आणि तुमच्या परीक्षांत नेमके तेच जास्त विचारतात.

आता मुख्य मुद्दा. कर्ता आणि क्रियापदापासून सुरुवात करा, कारण सर्वांत जास्त गुण इथे जातात.

'आंब्यांची पेटी स्वस्त आहे' हे वाक्य बघा. मराठीत 'आंब्यांची' आधी येतं आणि खरा कर्ता, म्हणजे 'पेटी', त्यानंतर. क्रियापदाच्या अलीकडचं नाम हेच कर्ता असण्याची सवय आपल्याला अशी लागते. इंग्रजीत क्रम उलटा होतो : 'द बॉक्स ऑफ मँगोज इज चीप.' इथे क्रियापदाशेजारी 'मँगोज' आहे आणि कर्ता मागे राहिलाय. मराठी कान शेजारचं अनेकवचन ऐकतो आणि 'आर' म्हणून मोकळा होतो. प्रश्न काढणाऱ्याला हे ठाऊक असतं, म्हणून तो मधलं अंतर वाढवत नेतो : 'द लिस्ट ऑफ ॲप्लिकंट्स हू हॅव पेड द फी आर ऑन द नोटिस बोर्ड.' यादी एक आहे, म्हणून 'इज' हवं. उपाय सोपा आहे. 'ऑफ'पासून सुरू होणारा तुकडा, 'हू', 'विच', 'दॅट'ने सुरू होणारा तुकडा आणि दोन स्वल्पविरामांमधला मजकूर पेन्सिलने कंसात टाका. जे उरेल त्यात कर्ता आणि क्रियापद समोरासमोर येतात. परीक्षा संगणकावर असते, त्यामुळे पहिले तीन आठवडे कागदावर कंस करा आणि चौथ्यापासून नुसत्या नजरेने.

आपल्या क्रियापदाची आणखी एक खोड आहे. शाळेत कर्मणी प्रयोग शिकलात : 'सीमाने आंबा खाल्ला', 'सीमाने पोळी खाल्ली'. क्रियापद कर्माप्रमाणे फिरतं. इंग्रजीत ते कर्माकडे कधीच पाहत नाही. म्हणून 'व्हॉट ही नीड्स आर मनी'सारखं काही दिसलं की थांबा आणि कर्ता कोण ते विचारा.

काही ठिकाणी मात्र तुमचं मराठी तुम्हाला तारतं, तिथे त्याचा बेलाशक वापर करा. 'राजू मित्रांसोबत गेला' यात आपण 'गेले' म्हणत नाही. 'अलाँग विथ', 'टुगेदर विथ', 'ॲज वेल ॲज' यांचंही तसंच, क्रियापद पहिल्या नामाप्रमाणे. 'प्रत्येक मुलगा आला' एकवचनी, तसेच 'ईच' आणि 'एव्हरी' एकवचनी. मात्र 'नीदर–नॉर' आणि 'आयदर–ऑर' आले की क्रियापद जवळच्या नामाप्रमाणे चालतं. 'द नंबर ऑफ'ला एकवचन, 'अ नंबर ऑफ'ला अनेकवचन. आणि 'वन ऑफ दोज स्टुडंट्स हू' यानंतर 'वर्क' येतं, 'वर्क्स' नाही, कारण 'हू' हे 'स्टुडंट्स'साठी आलेलं असतं. हा प्रश्न तयारीच्या मुलांनाही पाडतो.

दुसरी जागा काळांची, जिथे तुम्ही तीनदा अडकलात. बाराही काळांची कोष्टकं पाठ करू नका. मराठी जिथे चकवतं अशा दोन गोष्टी धरा. 'मी तीन वर्षांपासून इथे राहतेय' हे शुद्ध मराठी आहे, पण त्याचं शब्दशः 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स' केलं की एका वाक्यात दोन चुका होतात. मागे सुरू होऊन आजही चालू असलेल्या गोष्टीला 'हॅव बीन लिव्हिंग' लागतं. आणि आपल्या एकट्या 'पासून'ला इंग्रजीत दोन शब्द आहेत : सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स' (सिन्स २०२१, सिन्स मंडे), किती काळ ते सांगायचं तर 'फॉर' (फॉर थ्री इयर्स). दुसरी गोष्ट : 'तो सिनेमा मी मागच्या वर्षी पाहिला आहे.' मराठीला यात काही खटकत नाही. इंग्रजीत 'लास्ट इयर', 'यस्टरडे', 'टू डेज अगो', 'इन २०१९' असा संपलेला काळ आला की 'हॅव' आणि 'हॅज' बाहेर, साधा भूतकाळ आत : 'आय सॉ द फिल्म लास्ट इयर.' काळाच्या प्रश्नात क्रियापदाकडे जाण्याआधी वेळ सांगणारा शब्द शोधा. बऱ्याचदा उत्तर त्यातच असतं.

आर्टिकल आपल्याकडे नाहीत, म्हणून ते गळतात किंवा नको तिथे घुसतात. 'अ' की 'ॲन' यासाठी मात्र मराठी वाचकाकडे हुकमी युक्ती आहे : पुढचा शब्द देवनागरीत लिहून पाहा. आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते आणि हा नियमही उच्चाराचाच आहे. स्वराने सुरुवात झाली तर 'ॲन', व्यंजनाने झाली तर 'अ'. 'अवर' आणि 'ऑनेस्ट' यांत इंग्रजी एच असूनही देवनागरीत स्वर आला, म्हणून 'ॲन'. 'युनिव्हर्सिटी' आणि 'युरोपियन' य-ने सुरू होतात, म्हणून 'अ'. 'वन-रुपी कॉइन' व-ने, म्हणून 'अ'. 'एमबीए' ए-ने, म्हणून 'ॲन एमबीए'. याउलट, मोजता न येणाऱ्या नामांना 'अ'ही लागत नाही आणि एसही : 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस', 'फर्निचर', 'लगेज', 'इक्विपमेंट', 'सीनरी'. आपण मराठी बोलताना 'दोन फर्निचर घेतली' असं सर्रास म्हणतो. परीक्षेत 'फर्निचर्स' दिसलं की चूक तिथेच आहे. 'न्यूज' एकवचनी, 'पोलीस' आणि 'कॅटल' अनेकवचनी.

प्रिपोझिशनच्या चुका विभक्तीतून येतात. 'विषयावर चर्चा केली' म्हणून 'डिस्कस्ड ऑन' किंवा 'अबाउट', 'त्याच्याशी लग्न केलं' म्हणून 'मॅरिड विथ हिम', 'खोलीत शिरला' म्हणून 'एंटर्ड इन द रूम', 'आईसारखी दिसते' म्हणून 'रिसेम्बल्स टू हर मदर'. या चारही क्रियापदांना काहीच लागत नाही. त्यांच्याच रांगेत क्रियापद म्हणून वापरलेलं 'ऑर्डर' बसवा ('ऑर्डर फॉर टी' चूक), तसंच 'रिक्वेस्ट', 'रीच' आणि 'कम्प्राइझ'. आपला 'पेक्षा'ही असाच घोटाळा करतो. तो ऐकला की हात 'दॅन'कडे जातो, पण 'सीनियर', 'ज्युनियर', 'सुपीरियर', 'इन्फीरियर' आणि 'प्रीफर' यांना 'टू' लागतं. 'लुक फॉरवर्ड टू' आणि 'अकस्टम्ड टू' यांच्यापुढे क्रियापद 'इंग' लावून येतं : 'लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू.' अशा साठेक जोड्यांची यादी करून रोज पाच पाठ करा. हा एकच भाग असा आहे जिथे पाठांतराला पर्याय नाही.

उभयान्वयी अव्ययांत आपली जोडीची सवय नडते. आपण 'जरी' म्हटलं की 'तरी' आलंच पाहिजे, त्यामुळे 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट ही केम' कानाला गोड लागतं. इंग्रजीला एकच पुरतो, 'बट' काढा. 'बिकॉज' आणि 'सो' एकत्र येतात तेही याच सवयीने. 'तू येत नाहीस तोपर्यंत मी थांबेन' यातला नकार 'अनटिल यू डोन्ट कम' असा सोबत येतो. 'अनटिल' आणि 'अनलेस' यांच्या पोटातच नकार आहे, दुसरा नको. आणि जिथे इंग्रजीला खरोखर जोडी लागते, तिथे ती ठरलेली असते : 'नो सूनर'ला 'दॅन', 'हार्डली' आणि 'स्कार्सली'ला 'व्हेन', 'लेस्ट'ला 'शुड', 'नॉट ओन्ली'ला 'बट ऑल्सो'. प्रत्यक्ष वापरात इंग्रजी यापेक्षा सैल आहे हे खरं, पण आपल्याकडच्या प्रवेश परीक्षा जुन्या, काटेकोर नियमांनी तपासतात. तिथे त्या नियमांशी वाद घालू नका.

'तो कुठे राहतो मला माहीत नाही' यावरून 'आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह' होतं. प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की त्याची प्रश्नार्थक रचना सुटते : 'व्हेअर ही लिव्ह्ज'.

आता त्या जीमॅटच्या पुस्तकातून घ्यायचे विषय. 'रस्त्याने चालताना त्याला कुत्रा चावला' हे निर्दोष मराठी वाक्य आहे. चालणारा 'तो' हे सगळ्यांना कळतं. 'वॉकिंग डाउन द रोड, अ डॉग बिट हिम' मात्र चूक, कारण इंग्रजीत स्वल्पविरामानंतर येणारा पहिला कर्ता हाच चालणारा धरला जातो. इथे कुत्रा रस्त्याने फिरायला निघाला, असा अर्थ झाला. म्हणून वाक्य 'इंग'ने किंवा 'हॅविंग'ने सुरू झालं की स्वल्पविरामापुढच्या नामावर बोट ठेवा आणि विचारा : हे काम यानेच केलं का? तुलनेतही असंच. 'मुंबईची लोकसंख्या पुण्यापेक्षा जास्त आहे' आपल्याला पुरतं. इंग्रजीला लोकसंख्येची तुलना लोकसंख्येशीच हवी, म्हणून 'दॅन दॅट ऑफ पुणे'. आणि 'मुंबई इज बिगर दॅन एनी सिटी इन महाराष्ट्र' यात मुंबई स्वतःपेक्षाही मोठी ठरते. 'एनी अदर सिटी' हवं. समांतर रचनेला एकच कसोटी : 'अँड'च्या दोन्ही बाजूंचे तुकडे एकाच साच्यातले आहेत का. 'शी लाइक्स रीडिंग अँड टू राइट' यात साचा मोडलाय.

रोजच्या दीड तासातली ४० मिनिटं व्याकरणाला द्या, त्याहून जास्त नको. पहिले चार आठवडे घड्याळ लावायचं नाही. एका वेळी वरचा एकच विषय, रोज २० वाक्यं, आणि प्रत्येक उत्तराशेजारी मराठीत एका ओळीचं कारण. कारण लिहिता आलं नाही तर उत्तर बरोबर असूनही ते चूकच मोजा, कारण ते कानाने दिलंय. पाचव्या ते आठव्या आठवड्यात विषय मिसळा आणि वाक्याला ४५ सेकंद ठेवा. शेवटचे चार आठवडे ३० सेकंद, आणि आठवड्यातून दोनदा पूर्ण सराव परीक्षा.

एक वही चुकांची करा. चार रकाने : मूळ वाक्य, मी दिलेलं उत्तर, त्या वेळी मनात आलेलं मराठी वाक्य, आणि नियम. तिसरा रकाना बहुतेक जण गाळतात, पण सगळ्यांत मोलाचा तोच आहे. तो भरल्यावर तीनेक आठवड्यांत दिसेल की तुमच्या चुका पाच-सहा मराठी वळणांवरच होतात. प्रत्येक चूक ३ दिवसांनी, १० दिवसांनी आणि ३ आठवड्यांनी पुन्हा सोडवा. वाचून सोडून द्यायची नाही, उत्तर झाकून सोडवायची. याशिवाय रोज इंग्रजी वर्तमानपत्राच्या अग्रलेखातली दहा लांब वाक्यं निवडा आणि त्यांतला कर्ता आणि क्रियापद अधोरेखित करा. दहा मिनिटांचं काम आहे आणि उताऱ्यांचा वेगही त्याने वाढतो. फुकट मिळणारे प्रश्नसंच सोडवत असाल तर जपून, त्यांतल्या उत्तरांत चुका असतात. उत्तर पटलं नाही तर चांगल्या शब्दकोशातली उदाहरणं पाहा. कोणत्या शब्दाला कोणतं प्रिपोझिशन लागतं हे तिथे लगेच सापडतं.

परीक्षेत वाक्य चार तुकड्यांत येतं आणि पाचवा पर्याय 'चूक नाही' असा असू शकतो. तपासणीचा क्रम रोज एकच ठेवा : कर्ता-क्रियापद, वेळेचा शब्द आणि काळ, सर्वनाम कुणाबद्दल आहे, प्रिपोझिशन, आर्टिकल, अव्ययांची जोडी, तुलना आणि समांतरता. या सात पायऱ्यांत काही सापडलं नाही तर 'चूक नाही' निवडा आणि पुढे जा. इथे दोन तऱ्हेने गुण जातात. काही जण चूक असणारच असं धरून, अनोळखी शब्द दिसला की त्याच तुकड्यावर ठपका ठेवतात. तर काही जण 'हे असंही छान म्हणता आलं असतं' म्हणून बरोबर तुकडा चुकीचा ठरवतात. नुसता बोजड वाटतो म्हणून तुकडा चूक ठरत नाही. तुम्हाला त्यात मोडलेला नियम दाखवता यायला हवा.

आजच्या सरावापुरतं एवढं करा : त्या १५ प्रश्नांतली चुकलेली १० वाक्यं पुन्हा काढा आणि प्रत्येकाशेजारी तुमच्या मनात आलेलं मराठी वाक्य लिहा. वरच्यापैकी ज्या विषयात सर्वांत जास्त वाक्यं पडतील, तो तुमच्या पहिल्या आठवड्याचा विषय.